वर्सोव्याला नेलेला डबा

सीतारामांच्या हृदयात स्टेंट बसवून त्यांना जोगेश्वरीच्या घरी आणलं, त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाच्या, नितेशच्या हाती ते पुस्तक पडलं. ऑफिसातल्या क्षमाने दिलं होतं. जाडजूड, गुळगुळीत पानांचं, आणि पानापानावर भाज्यांचे असे फोटो की त्या खायच्या सोडून भिंतीवर लावाव्यात. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-तूपसुद्धा नाही. झाडाला लागतं किंवा जमिनीतून येतं तेवढंच खायचं, तेही कमी तेलात.

"आमच्याकडे तसंही शाकाहारीच असतं," क्षमा म्हणाली होती, "पण यातलं करायला लागल्यापासून मला फार हलकं वाटतंय. तुमच्या बाबांसाठी घेऊन जा."

नितेश घाबरलेला होता हे खरं. बाबांना रिक्षात घालून हॉस्पिटलला नेताना त्यांचा हात त्याच्या हातात थंडगार पडला होता, आणि त्या हाताची आठवण अजून जात नव्हती. त्याने ते पुस्तक एखाद्या पोथीसारखं वाचून काढलं. मग रविवारी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. आई शेवंती, बाबा, बायको दर्शना आणि कॉलेजात जाणारी मुलगी अक्षता.

"उद्यापासून घरात मासे-मटण बंद," तो म्हणाला. "बाबांना एकट्याला पथ्य नाही. आपण सगळ्यांनी करायचं. घरात आणि बाहेरही."

"डॉक्टरान सांगल्यान?" सीतारामांनी विचारलं. गिरणी सुटून इतकी वर्षं झाली, सगळा जन्म मुंबईत गेला, पण त्यांची जीभ अजून मालवणातच होती.

"हो," नितेश म्हणाला.

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. तळलेलं बंद करा, मीठ कमी करा, मटण नको, पण मासे कालवणात घालून अधूनमधून चालतील, असं ते नितेशला बाजूला घेऊन म्हणाले होते. नितेशने विचार केला की अधूनमधूनचं रोजचं व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा एकदाच काय ते तोडून टाकलेलं बरं. त्यामुळे तो 'हो' म्हणाला आणि ते खोटं आहे असं त्याला त्या वेळी जाणवलंही नाही.

"मासो येकदम बंद?" शेवंतीने विचारलं.

"एकदम बंद. पोटात गेला तर परत त्याच बेडवर."

सीतारामांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली.

खरी अडचण दर्शनाची होती. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. तिच्या बापाची होडी होती, आई नंदा अजूनही बाजारात मासळी घेऊन बसायची. नितेशशी लग्न ठरलं तेव्हा नंदाने फक्त एवढंच विचारलं होतं, मालवणचा आहे ना, मासळी खातो ना, मग माझं काही म्हणणं नाही. दर्शनाच्या लेखी मासळीशिवाय जेवण म्हणजे उपासच. पण ती म्हणाली, "बाबांसाठी ना? मग होऊन जाऊ दे." आणि तिने तिथेच बसून आईला फोन लावला. "आई, आता काही दिवस मासळी पाठवू नकोस गं. नाही नाही, भांडण कसलं? बाबांच्या तब्येतीचं आहे."

दर्शना अंधेरीत एका लॅबच्या रिसेप्शनवर काम करायची. आता ती पहाटे उठायला लागली. सोयाबीन रात्री भिजवायचे, सकाळी वाटायचे, गाळायचे, उकळायचे, तेव्हा कुठे दूध. त्यातून टोफू करायचा तर पुन्हा फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं. भाज्या चिरण्याचा तर अंत नव्हता. शेवंती गुडघ्यांमुळे फार वेळ उभी राहू शकत नसे, बसून शेंगा सोलून द्यायची. नितेश पुस्तक उघडून पानावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "उद्या हे करूया."

'करूया' म्हणायचा तो. करायची दर्शना.

काही पदार्थ जमले. मुगाचं कढण, नाचणीचे घावणे, कच्च्या फणसाची भाजी सीतारामांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. काही मुळीच जमले नाहीत. टोफूची भुर्जी पहिल्यांदा ताटात आली तेव्हा सीतारामांनी चमच्याने एक तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो खडू कोणी शिजवल्यान?" ते म्हणाले. सगळे हसले, दर्शनाही हसली. मात्र त्यांनी तो खडू निमूट संपवला.

नितेश रोज ताटाचा फोटो काढून गावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. 'बाबांच्या सोबतीला आम्ही सगळे' असं खाली लिहायचा. काका, आत्या, चुलतभाऊ सगळे हात जोडलेली चित्रं पाठवायचे. एका आत्याने लिहिलं, 'आजच्या काळातला श्रावणबाळ.' नितेशने ते वाचलं, फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलून वाचलं. दर्शनाचं नाव त्या ग्रुपवर कोणी घेतलं नाही. तिचा हातही कुठल्या फोटोत नव्हता.

मग मिथुनची बदली आली.

मिथुन नितेशच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जाण्याआधी त्याने दोस्तांना चकाल्याच्या एका मालवणी खानावळीत जेवायला नेलं. नितेश निघताना म्हणाला की मी नुसता सोबत बसेन, आणि म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं. समोर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं आलं. खोबरं, तिरफळं, वाफ. "एक घे यार, बाबा काय कॅमेरा लावून बसलेत?" मिथुन म्हणाला. नितेशने एक घेतली. मग वाटी पुढे ओढली.

त्या दिवशी त्याने बेसिनवर लिंबाने हात धुतले, दोनदा बडीशेप खाल्ली, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बाबांच्या फार जवळ बसला नाही. ही शेवटचीच, असं त्याने ठरवलं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला. मिथुन नव्हता तरी गेला. मग जातच राहिला. सुरमई, बांगडा, कधी खेकड्याचं कालवण. खानावळीतला पोऱ्या त्याला ओळखायला लागला.

प्रश्न उरला डब्याचा. भरलेला डबा घरी परत नेता येत नव्हता आणि फेकायचा धीर होत नव्हता. क्षमाने एकदा डोकावून विचारलं, "आज काय, पुस्तकातलं का? बघू तरी." नितेशने डबा तिच्याकडे सरकवला. "मला आज बाहेर काम आहे, तुम्हीच खा." क्षमाने चवीने खाल्लं. "अहो, भारी झालंय. मीठ किंचित कमी पडलंय, बाकी मस्त."

संध्याकाळी दर्शनाने नेहमीसारखं विचारलं, "डबा कसा होता?"

"भारी," नितेश म्हणाला. "मीठ किंचित कमी पडलं."

दर्शनाचा चेहरा खुलला. "बघ, मला वाटलंच होतं! सकाळी चाखून बघायलाही वेळ नसतो रे. उद्या बरोबर घालते."

पुढच्या वेळी मीठ बरोबर होतं. तसं क्षमाने सांगितलं आणि नितेशने ते घरी पोचवलं. हळूहळू ती रीतच पडली. लसूण जास्त झाली, भोपळ्याचं सार छान जमलं, तीळ घातलेत ते छान लागतात. क्षमा बोलायची आणि संध्याकाळी तेच शब्द नितेशच्या तोंडून दर्शनाला मिळायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा आपल्या डब्याकडे इतकं लक्ष देतोय असं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिने हे लॅबमधल्या रश्मीलाही सांगितलं. मग एकदा कणीक मळताना लाजत नितेशलाही सांगितलं. नितेश उठून गॅलरीत गेला आणि उगाच तुळशीला पाणी घालत राहिला. तिला दुपारीच पाणी घातलेलं होतं.

त्याला वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? एक खोटं उचललं की खाली दुसरं होतंच.

जानेवारीत दर्शनाच्या भावाने, किरणने नवा टेम्पो घेतला. होडीवरची मासळी तो हॉटेलांना पोचवायचा, आतापर्यंत भाड्याच्या गाडीने. रविवारी टेम्पोची पूजा आणि नंतर जेवण होतं. सीतारामांना जिने चढवायचे नव्हते म्हणून ते आणि शेवंती घरीच थांबणार होते. शनिवारी नितेश दर्शनाला म्हणाला, "आपण आपला डबा घेऊन जाऊ."

दर्शना भाजी चिरत होती, थांबली. "आईकडे डबा घेऊन? वेडा आहेस का? मी तिथे नुसता डाळभात खाईन ना."

"तुमच्याकडे डाळीतही सुकट पडते. आणि समोर सगळं मांडलेलं असताना नाही म्हणायला तुलाच जड जाईल. बाबा इकडे घरी बसून हेच खाणार, आणि आपण तिकडे ताव मारायचा?"

बोलताना त्याचा आवाज अगदी मनापासूनचा होता. दर्शनाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं." तिने सोयाचा पुलाव केला, जरा जास्तच, आईलाही चव बघू दे म्हणून.

कोळीवाड्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो झेंडूच्या माळा घालून उभा होता. काठ्यांवर बोंबील वाळत होते, खालून मांजरं टपून बसली होती. पूजा झाली, नारळ फुटला, किरणच्या बायकोने चाकांखाली लिंबं ठेवली. घरात पंगत मांडली. भरलेली पापलेटं, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. नंदाने स्वतःच्या हाताने एक पातेलं आणून दर्शनाच्या पुढ्यात ठेवलं आणि झाकण काढलं. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण. दर्शना लहानपणी याच्यासाठी शाळा बुडवायची.

"काल सांच्याला मुद्दाम निवडून ठेवल्यान तुझ्यासाठी," नंदा म्हणाली. "भरलेल्या हायत. बघ."

दर्शनाने पिशवीतून डबा काढला.

नंदाला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, लेक माहेरी काही करून घेऊन आली असेल. मग दर्शनाने डबा स्वतःच्या ताटात उघडला, नितेशच्या आणि अक्षताच्या ताटात पुलाव वाढला, तेव्हा नंदाचा हात पातेल्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"माज्या घरी डबा घेऊन आयलीस गो?"

"आई, रागावू नकोस. सांगितलं होतं ना फोनवर. घरात सगळ्यांनी सोडलंय, बाबांसाठी. मी एकटीने कसं खाऊ?"

"एक चिंबोरी. एकानं काय होते?"

"तसं नाही गं. शब्द दिलाय."

शेजारच्या दोन बायका जेवायला बसलेल्या होत्या. त्यांनी आपापल्या ताटांकडे पाहिलं. नंदाने पातेल्यावर झाकण ठेवलं. ते नीट बसलं नाही, पुन्हा काढून ठेवलं. सत्तरीला आलेली बाई, रोज बाजारात गिऱ्हाइकांशी तोंडाला तोंड देणारी, पण लेकीशी तिने वाद घातला नाही. ती नितेशकडे वळली. "तुमी तरी घ्या. जावयाला रिकामं कसं बसवू?"

"नको आई," नितेश म्हणाला. "आग्रह करू नका. एकदा ठरवलं की ठरवलं."

किरण भाकऱ्या वाढत होता. त्याने टोपली खाली ठेवली.

"ताई, तू खा," तो म्हणाला.

"नको रे किरण, तू तरी..."

"तू खा म्हणतो ना. कोणासाठी सोडलंयस? विचार त्यांना, त्यांनी सोडलंय का."

किरण नितेशकडे बघत नव्हता, बहिणीकडे बघत होता.

"चकाल्याच्या खानावळीत माल माझा जातो. मागच्या दाराने उतरवतो मी. भावोजी आत बसलेले असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, असेल एखाद वेळ, माणूस आहे, राहवलं नसेल. मग बघतो तर दर आठवड्याला. खानावळवाला म्हणाला, हा साहेब आपला कायमचा. मी कोणाला बोललो नाही. आजपण बोलणार नव्हतो. पण तू माझ्या आईच्या घरात डबा उघडून बसतेस आणि हे म्हणतात, ठरवलं की ठरवलं!"

बाहेर पोरं टेम्पोचा हॉर्न वाजवत होती.

"पप्पा?" अक्षता म्हणाली.

"एकदा मिथुनने..." नितेशने सुरुवात केली आणि थांबला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते.

दर्शना ओरडली नाही. तिने हातातला चमचा ताटात ठेवला आणि विचारलं, "मग माझा डबा?"

नितेशला वाटलं होतं ती मासळीबद्दल विचारेल. हा प्रश्न त्याच्या डोक्यात नव्हता.

"दर आठवड्याला जातोस ना? मग डब्याचं काय करतोस? फेकतोस?"

"नाही, फेकत नाही. क्षमा... क्षमाला देतो. ती खाते."

"आणि ते मीठ कमी, लसूण जास्त?"

नितेशने मान खाली घातली. "ती सांगते."

दर्शनाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, गालांपासून कानापर्यंत. राग तर होताच. पण त्याहून वाईट काहीतरी होतं, आणि ते नितेशला दिसलं. ती लाजली होती. आईसमोर, भावासमोर, गल्लीतल्या बायकांसमोर. तो आपल्या डब्याचं कौतुक करतो म्हणून कणीक मळताना जी खुलली होती, त्या स्वतःचीच तिला लाज वाटत होती. ही लाज तिच्या वाट्याची नव्हतीच.

तिने पुलावाचं ताट बाजूला सारलं, पातेलं ओढलं, एक चिंबोरी घेतली आणि तिची नांगी दातांनी फोडली. ती भराभरा खात राहिली, त्याच्याकडे न बघता. तिखटाने नाक वाहायला लागलं तेव्हा मनगटाने पुसलं आणि दुसरी घेतली. नंदा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

मग नंदाने नितेशच्या ताटातला पुलाव काढून घेतला आणि तिथे एक पापलेट ठेवलं. "जेवा," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना टोमणा. "घरातून कोन उपाशी जात नाय."

नितेशने एक घास तोंडात घातला. पाण्याबरोबर ढकलला. त्याला उठून जायचं होतं, पण पंगतीतून मधेच उठणं म्हणजे आणखी एक अपमान, म्हणून तो बसून राहिला आणि त्याने ते सगळं पापलेट काट्यापर्यंत संपवलं.

परतताना रिक्षात अक्षता मधे बसली. एरवी ती कडेला बसण्यासाठी भांडायची. जोगेश्वरी येईपर्यंत दर्शना बाहेर बघत होती. नितेशने एकदा "दर्शना" म्हटलं. अक्षता म्हणाली, "पप्पा, आत्ता नको."

घरी सीताराम झुलत्या खुर्चीत बसून वाटच बघत होते. "काय रे, टेम्पो कसो आसा?" त्यांनी विचारलं. दर्शना सरळ स्वयंपाकघरात गेली. नितेश बाबांच्या समोर बसला. किरणने फोन करून सांगायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, असा हिशोबही त्याच्या मनात होता. त्याची त्याला तेव्हाच लाज वाटली, तरी तो बोलला.

"बाबा, मी बाहेर मासे खात होतो. खूप दिवस. तुम्हाला सगळ्यांना बंद करून."

सीतारामांनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "मेल्या, एकटोच जायत होतस? माका कित्याक नाय नेलस?" शेवंतीनेही तोंडाला पदर लावला. "माका वाटलाच," ती म्हणाली. "बारको असताना सुकट चोरून खाय."

क्षणभर नितेशला हायसं वाटलं. एवढंच? संपलं? त्याच्याही तोंडावर हसू आलं. तेवढ्यात त्याला स्वयंपाकघराच्या दारातून दर्शनाची पाठ दिसली. ती उद्यासाठी सकाळीच भिजवून ठेवलेले सोयाबीन पाण्यातून काढून डब्यात भरत होती. हसण्याचा आवाज आला तेव्हा तिचे हात थांबले. तिने वळून बघितलं नाही. हात पुन्हा चालू झाले.

नितेशच्या तोंडावरचं हसू गेलं. बापलेकांनी हसून मिटवावं असं हे नव्हतंच. बाबांनी माफ केलं, पण जिचं देणं होतं ती आत उभी होती. तिच्या मनातलं असं दोन शब्दांत जाणार नाही हे त्याला कळत होतं. आणि बाबांनी तरी काय माफ केलं होतं? त्यांना अर्धंच माहीत होतं.

"बाबा, अजून एक आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मासे बंद करायला सांगितलंच नव्हतं. कालवणातले चालतील म्हणाले होते. मीच तुम्हाला..."

हसणं थांबलं. सीतारामांचा हात छातीवर गेला, तसाच, जसा त्या पहिल्या रविवारी गेला होता.

"माका वाटला, खाल्लंय तर मरतलंय," ते म्हणाले. "गणपतीनंतर भावाकडे गेलंय तेव्हा तिकडे मासो शिजत होतो, वासान मी भायर जावन बसलंय. लोकांका सांगलंय, माझ्या झिलान माझ्यासाठी सोडल्यान, म्हणान मी सोडलंय. खरा तसा नाय. मराक भियालंय म्हणान सोडलंय." ते थांबले. "तू माका भियवलंस रे."

एवढं बोलून ते उठले आणि भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. शेवंती त्यांच्या मागे गेली. जाताना तिने नितेशकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर डबे दोनच होते, दर्शनाचा आणि अक्षताचा. नितेश तसाच निघाला. ऑफिसात क्षमा डोकावली, "आज काय?" तेव्हा तिलाही सांगावं लागलं. क्षमाचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, तुम्हाला जास्त होतं म्हणून देता," ती म्हणाली. "एका बाईच्या पहाटेच्या झोपेवर मी ताव मारत होते, आणि वर मीठ कमी म्हणत होते." त्या दिवसापासून ती त्याच्या टेबलाशी थांबली नाही. पुस्तकही परत मागितलं नाही.

दर्शना घरात नीट बोलायची. भाजी संपली, गॅसवाला येणार आहे, अक्षताची फी भरायची आहे. त्यापलीकडे नाही. एकदा नितेशने तिला विचारलं, "मी काय करू सांग."

"मला नको विचारूस," ती म्हणाली. "आत्तापर्यंत सगळं तूच ठरवत आलास ना? आता हेही तुझं तू ठरव."

त्याने ठरवलं असं नाही, पण तो पहाटे उठायला लागला. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून स्वतःचा डबा करायचा. पहिल्या दिवशी सोयाबीनचं दूध उतू जाऊन शेगडीभर झालं आणि कांदा चिरता चिरता बोट कापलं. शेगडी साफ करेपर्यंत निघायची वेळ टळून गेली. एका डब्यामागे एवढं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पाच माणसांचं तर ती नोकरी सांभाळून करत होती. तो जे काही कच्चंपक्कं व्हायचं ते ऑफिसात बसून एकटाच खायचा. चकाल्याकडे गेला नाही.

इकडे दर्शनाने सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेऊन पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. काय चालतं ते तिने सीतारामांना समोर बसवून डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेतलं. मग ती बुधवारी आणि रविवारी कमी तेलाचं कालवण करायला लागली. पहिल्यांदा बांगडा ताटात आला तेव्हा सीतारामांनी घास तोंडाजवळ नेला आणि परत खाली ठेवला. "खावा बाबा, मी विचारून घेतलंय," दर्शना म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी खाल्लं. नितेश समोरच बसला होता. त्याच्या शब्दावर त्यांनी आता घास उचलला नसता.

फणसाची भाजी आणि मुगाचं कढण मात्र राहिलं. सीताराम मागून घ्यायचे, दर्शना करायची. पुस्तक वाईट नव्हतं.

रविवारी दुपारी दर्शना आणि अक्षता वर्सोव्याला जायला लागल्या. नितेशला कोणी चल म्हणत नव्हतं आणि तो विचारत नव्हता. एका रविवारी दर्शना परत आली तेव्हा तो घावणे घालत होता. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि पंख्याखाली बसली.

"आई विचारत होती, जावई का येत नाहीत."

नितेशने तव्यावरचा घावणा उलटायला घेतला, तो मोडला. "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, त्याला लाज वाटते."

"मग?"

"म्हणाली, वाटू दे. आणि जेवायला येऊ दे."

पुढच्या रविवारी तो गेला. रिक्षात अक्षता कडेला बसली, तो मधे. नंदाने सगळ्यांना वाढतात तसंच त्यालाही वाढलं, काही जास्त नाही, काही कमी नाही. किरण पंगतीत दुसऱ्या टोकाला बसला आणि हात धुवून लगेच टेम्पो घेऊन निघून गेला. दर्शना आईशी कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होती. मधेच तिने न बघता भाकरीची टोपली नितेशच्या बाजूला सरकवली, आणि पुन्हा बोलायला लागली.